तीन वेण्यांचा स्वेटर

१

सिगारेट सोडली तेव्हा हातांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. तोंडाला गोळ्या चघळायला दिल्या की ते गप्प बसायचं, पण बोटं ऐकेनात. टेबलावर ताल धर, पेनाचं टोपण काढ-घाल कर, फ्रेमचे स्क्रू उगाच सैल करून परत पिळ, असले उद्योग सुरू झाले. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकांचे डोळे तपासतो, काचा घासतो, फ्रेममध्ये बसवतो. अशा कामात बोटं चुळबुळ करायला लागली की काचा फुटतात, आणि दोन फुटल्यादेखील.

शेवटी बायकोच्या थोरल्या बहिणीला माझी कीव आली. आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. तिने पिशवीतून दोन सुया आणि लोकरीचा एक उरलासुरला गुंडा काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"घ्या, भाऊजी. चाळेच करायचेत ना, मग निदान काहीतरी तयार तरी होईल."

पहिला मफलर एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला हातभर रुंद झाला. ताईने तो गळ्यात घालून हसत हसत घरभर फेरी मारली. पण दुसरा मफलर सरळ आला, आणि त्यानंतर मला कुणी आवरू शकलं नाही. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरच्या मागे, माझ्या सुया चालूच. सुलट, उलट, सुलट, उलट. घरातल्या किटलीला टोपी झाली, पाण्याच्या बाटल्यांना अंगरखे झाले, खुर्च्यांच्या पायांना मोजे झाले. बायको शाळेत शिकवते. तिथे ती सांगायची, "मी घरात फार वेळ एका जागी बसत नाही. बसले तर हे मलापण काहीतरी चढवतील."

तिलाच स्वेटर करायचं मी ठरवलं. पुढून उघडा, बटणांचा, शेवाळी रंगाचा. नमुना माझा स्वतःचा होता. पाठीवर तीन वेण्या खालून वर चढत जातात. कडेच्या दोन थेट खांद्यापर्यंत पोचतात. मधली मात्र पाठीच्या मध्यावर सुटते आणि तिचे पेड दोन्हीकडच्या वेण्यांमध्ये जाऊन मिसळतात. हे मला बसमध्ये सुचलं होतं. मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, ताईलासुद्धा सांगितलं नव्हतं. पुरा झाल्यावर तिच्यासमोर टाकायचा आणि तिचं तोंड बघायचं, असा बेत होता.

२

पाठीचा भाग कमरेच्या जरा वर आला होता. मधली वेणी सुटते ती जागा अजून लांब होती.

दुपारी जेवण झालं की मी पाय मोकळे करायला बाहेर पडतो. त्या दिवशी रस्त्यापलीकडे बसथांब्यावर एक बाई माझ्याकडे पाठ करून उभी होती. उंच, खांदे सरळ. अंगात शेवाळी स्वेटर. स्वेटर दिसला की माझी नजर नमुन्यावर जातेच, जशी शिंप्याची शिलाईवर जात असेल. पाठीवर तीन वेण्या होत्या. मधली मध्यावर सुटलेली, आणि तिचे पेड दोन्हीकडे जाऊन मिसळलेले.

खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखलं. भीतीबिती काही नाही, निव्वळ मत्सर. इतके दिवस मी ज्या गोष्टीवर मनातल्या मनात खूश होतो ती कुणीतरी आधीच करून, वापरून, जुनी करून टाकली होती. कारण स्वेटर चांगलाच जुना होता. रंग विटलेला, लोकरीवर बोंडं आलेली, खालचा काठ सैल होऊन लोंबत होता. दोन्ही कोपरांवर रफूचे ठिपके दिसत होते.

मध्ये बस आली. बस गेल्यावर थांबा रिकामा होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? सुचायचा मक्ता तुमच्या एकट्याकडेच आहे का?"

तेही खरंच. मी असाही विचार केला, की तो स्वेटर मी पूर्वी कधीतरी पाहिला असेल, डोक्यात कुठेतरी राहिला असेल, आणि बसमध्ये तोच मला माझा म्हणून सुचला असेल. असं होतं. या विचाराने बरं वाटलं. मी विणायला बसलो आणि मधली वेणी ठरलेल्या जागी सोडवली. ती अगदी तशीच दिसली. मी सुया खाली ठेवून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो, परत उठलो. बायको म्हणाली, "काय उंदीर शिरलाय का अंगात?"

३

पुढच्या वेळी ती बँकेच्या रांगेत होती. मी आत शिरलो तेव्हा लक्ष नव्हतं. पिशवीतून सुया काढाव्यात का, या विचारात होतो. वर पाहिलं तर माझ्यापुढे दोन माणसं सोडून तीच पाठ.

रांगेतली माणसं कशी उभी असतात ते रांगेत उभं राहिल्यावर कळतं. कुणी या पायावरून त्या पायावर भार टाकतं, कुणी मान मोडतं, कुणी घड्याळ बघतं. ही बाई काहीच करत नव्हती. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, बाह्या मनगटाच्या हाडापर्यंत बरोबर पोचलेल्या. रांग पुढे सरकली की तीही पुढे असायची. पण ती पाऊल उचलताना मी एकदाही पाहिलं नाही. तेवढ्याच वेळी माझं लक्ष दुसरीकडे जात असेल, अशी मी माझी समजूत घातली.

स्वेटर तोच होता आणि तो नव्हताही. रंग जास्त गडद होता. खालचा काठ घट्ट. रफू फक्त उजव्या कोपरावर होतं. म्हणजे हा दुसरा स्वेटर, मी स्वतःला म्हटलं. या नमुन्याचे बरेच निघाले असतील. मग रफूकडे नीट पाहिलं.

रफू सगळे उभे-आडवे धागे घेऊन करतात. मी तिरपं करतो. कुणी शिकवलं नाही, माझा हातच तसा पडतो. ताई त्याला "भाऊजींची जाळी" म्हणते. त्या कोपरावर भाऊजींची जाळी होती. एका कडेला धागा जरा जास्त ओढला गेला होता. मी नेहमी ओढतो तसाच.

मी पुढे वाकलो. माझ्यापुढच्या माणसाने वळून माझ्याकडे पाहिलं.

"अहो बाई," मी म्हणालो. "जरा इकडे बघता का?"

तिच्या आणि माझ्या मधली दुसरी बाई वळली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पर्स पोटाशी धरली. दारावरचा रखवालदार चार पावलं पुढे आला.

"काका, काय पाहिजे?"

काय सांगणार? त्या बाईच्या कोपरावर माझं रफू आहे, असं सांगायचं? मी म्हणालो, काही नाही, ओळखीच्या वाटल्या. तेवढ्या बोलण्यात काचेचं दार उघडून मिटलं होतं. बाहेर गेलो तर फुटपाथवर पाठीच पाठी. एकीवरही वेण्या नव्हत्या. माझा नंबर मात्र गेला होता.

४

दुसऱ्या दिवशी मी मालकांना माझेच डोळे तपासायला बसवलं. आमचे मालक सत्तरीचे आहेत, पण तक्त्यावरच्या सगळ्या ओळी त्यांना पाठ आहेत. त्यांनी एकामागून एक काचा माझ्या डोळ्यांपुढे धरल्या आणि शेवटी सगळ्या परत पेटीत टाकल्या.

"तुमची नजर माझ्या नातवापेक्षा चांगली आहे. झोप होत नाही का?"

"होते."

"मग विणकाम कमी करा. दिवसभर टाके मोजून माणसाला भिंतीवरही टाके दिसायला लागतात."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दोन-चार दिवस पिशवी घरीच ठेवली. पण बोटं परत स्क्रूंशी खेळायला लागली, आणि एका म्हातारबुवांच्या फ्रेमची दांडी माझ्या हातात आली. मी पिशवी परत सोबत न्यायला लागलो. दोन्ही पुढचे भाग झाले, एक बाही झाली, दुसरी सुरू झाली. हात इतका सुरेख चालत होता की मापं बघायची गरज वाटत नव्हती.

आमच्या दुकानात आरसे फार आहेत. गिऱ्हाइकाला कुठूनही आपला चेहरा दिसला पाहिजे, असा मालकांचा हट्ट. त्या दिवशी मी आतल्या खोलीत काच घासत होतो. दार अर्धं उघडं होतं. मशीन बंद करून मान वर केली, तर समोरच्या आरशात काउंटरपाशी उभी असलेली शेवाळी पाठ दिसली. स्वेटर नवा कोरा होता. नव्या लोकरीला असते ती तकाकी त्याच्यावर होती. कोपरं स्वच्छ.

तिच्या पुढ्यात, काउंटरवर, मोठा गोल आरसा होता. त्यात तिचा चेहरा दिसायला हवा होता. पण आरशापुढे फ्रेम टांगायचा स्टँड फिरवून ठेवलेला होता आणि त्या वीस-पंचवीस रिकाम्या चष्म्यांच्या मधून फक्त स्वेटरची पुढची बाजू दिसत होती. लाकडी बटणं. प्रत्येकाच्या कडेला काळसर, भाजल्यासारखी रेघ.

मी हातातली काच खाली ठेवली, हात पुसले, बाहेर आलो. इतकं सगळं मी अगदी सावकाश केलं. घाई करायची माझी इच्छा नव्हती हे मी आज कबूल करतो. काउंटरपाशी मालक एकटेच होते.

"आत्ता इथे कोण होतं?"

"त्या बाई? तुमच्याकडेच आल्या होत्या. काहीतरी काम दिलंय म्हणाल्या तुम्हाला. कधी तयार होईल, विचारत होत्या."

"मग?"

"मी म्हटलं, चष्मा असेल तर पावती दाखवा. त्यावर काही बोलल्या नाहीत. कुणाचा नंबर आहे तो? जाड काच असणार."

"का?"

मालकांनी जरा विचार केला. "माहीत नाही. माझ्याकडे बघून बोलत होत्या, पण नीट बघत नव्हत्या असं वाटलं." मग त्यांनी फडकं घेतलं आणि गोल आरसा पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

५

त्या संध्याकाळी मी दुसऱ्या बाहीचे टाके बंद केले. सगळे भाग शिवून जोडले. आता फक्त गळ्याची पट्टी राहिली होती. गळ्याचे टाके सुईवरच ठेवून मी बायकोला म्हणालो, "जरा घालून बघ."

तिने घातला. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. खांदे दोन्हीकडून दंडावर उतरले होते. तिने हात हलवले तर बाह्यांची टोकं लटलट हलली.

"ही कुणाची मापं घेतलीत?" ती म्हणाली. "यात माझ्यासोबत ताईपण मावेल."

मी टेप आणली. तिचा हात मोजला, बाही मोजली, पुन्हा हात मोजला. माझ्या विणण्यात एका बोटाचा फरक कधी पडत नाही. इथे वीतभर होता, आणि दोन्ही बाह्यांमध्ये अगदी सारखा. चूक अशी सारखी होत नाही. हे कुणाच्या तरी मापाचं काम होतं.

बायकोने स्वेटर काढून माझ्या मांडीवर ठेवला. माझं तोंड उतरलेलं बघून तिला वाईट वाटलं असावं. "जाऊ दे हो. उसवा आणि परत करा. मी तर बटणंसुद्धा आणून ठेवलीत." तिने पर्समधून कागदाची पुडी काढून माझ्या तळहातावर उलटी केली. लाकडी बटणं होती. कडेला काळसर, भाजल्यासारखी रेघ.

मग मी तिला सगळं सांगितलं. बसथांबा, बँक, दुकानातला आरसा. तिने मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्ही इतके दिवस एका परक्या बाईची पाठ बघत हिंडताय."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत." तिने माझे दोन्ही हात धरले. मला कळलं नव्हतं, पण बोटं हलत होती. सुलट, उलट. "तो स्वेटर पुरा करू नका. बस. कपाटात टाका आणि चार दिवस रजा काढा."

"ती दर वेळी जवळ येतेय," मी म्हणालो. "आणि स्वेटर दर वेळी नवा होत चाललाय. आधी जुना पाहिला, मग कमी जुना, मग कोरा. आता तो पुरा व्हायचा बाकी आहे."

 बायकोने उठून बाहेरच्या दाराची कडी लावलेली आहे का ते बघितलं.

६

रजेच्या पहिल्याच दिवशी, बायको शाळेत गेल्यावर, मी स्वेटर कपाटातून काढला. पुरा करायचा नाही हे ठरलं होतं. पण तसाच ठेवणंही मला जमेना. बंद कपाटात तो आहे, ही गोष्ट दातात अडकल्यासारखी सारखी जाणवत होती. मी ठरवलं, मुळापासून उसवायचा. लोकर परत गुंडाळून ताईला देऊन टाकायची.

उजवी बाही खांद्यापासून सोडवली आणि उसवायला घेतली. लोकर सरसर निघत आली. इतका हलकेपणा मला कित्येक दिवसांत वाटला नव्हता. बाही संपली. गुंडा चांगला टपोरा झाला. मी तो कपाटावर ठेवला, हात झटकले आणि खिडकी उघडायला गेलो.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली अरुंद गल्ली आहे, समोर एका गोदामाची भिंत. भर दुपार होती, लख्ख ऊन. ती भिंतीपाशी, भिंतीकडे तोंड करून उभी होती. डावी बाही होती. गळ्याशी सुई तशीच लटकत होती. उजवा हात खांद्यापासून उघडा होता.

लांबचं नीट बघणं हा माझा धंदा आहे. मी बघितलं. आधी कोपर शोधलं. मग बराच वेळ शोधत राहिलो. तो हात भिंतीला टेकवलेला नव्हता, पण त्याचं टोक भिंतीवर काहीतरी चाचपत होतं, थांबत थांबत, आंधळं माणूस ओळखीच्या खोलीत चाचपतं तसं. याहून जास्त मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो, की त्या हाताला बाही हवी होती. तो उघड्यावर असणं बरं नव्हतं, तिच्यासाठीही आणि गल्लीतून जाणाऱ्या कुणाहीसाठी.

मी खिडकी लावली. कपाटावरचा गुंडा खाली घेतला आणि तिथेच जमिनीवर बसून टाके घातले. बायको आली तेव्हा बाही कोपराच्या पुढे गेली होती. ती दारात उभी राहिली.

"अहो, आपलं काय ठरलं होतं?"

"एवढी बाही होऊ दे," मी म्हणालो. "गळा नाही करणार. शपथ."

बाही पुरी होऊन खांद्याला जोडल्यावरच मी खिडकीकडे गेलो. गल्लीत कुणी नव्हतं.

७

रजा संपली आणि मी कामावर गेलो. स्वेटर कपाटात होता, गळा उघडा, सुई तशीच. मी शपथ पाळली. सुया पिशवीत घेणंही सोडलं. बोटांनी पुन्हा स्क्रू पिळायला सुरुवात केली, पण मालक काही बोलले नाहीत. दिवस बरे गेले. ती कुठे दिसली नाही, आणि हळूहळू मला असं वाटायला लागलं की कदाचित हेच पुरेसं होतं. अर्धवट ठेवलं की अर्धवटच राहतं.

एके दिवशी दुपारी दुकानातली वीज गेली. मशीन बंद, काम बंद. मालकांनी मला लवकर सोडलं. घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि स्वयंपाकघरात ताई चहा करत होती.

"या, भाऊजी. आज लवकर? बरं झालं. तुमच्यासाठी गंमत आहे आत."

"कसली गंमत?"

"हिच्या शाळेला आज सुट्टी, म्हणून आले. सांगत होती, तुमचं मन लागत नाही, स्वेटर गळ्यापाशी अडकलाय. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. सकाळपासून बसून पट्टी केली, बटणं लावली. आत घालून बघतेय ती." मग माझ्याकडे पाहून तिचं हसू कमी झालं. "काय झालं? मी हात लावायला नको होता का?"

बायकोने तिला बाकीचं सांगितलं नव्हतं. कसं सांगणार होती?

मी आतल्या खोलीच्या दारात गेलो. कपाटाच्या आरशापुढे शेवाळी पाठ उभी होती. तीन वेण्या. मधली मध्यावर सुटलेली. बाह्या मनगटापर्यंत बरोबर. माझे पाय उंबऱ्यातच थांबले. मी बायकोला हाक मारली. 

ती वळली. माझी बायकोच होती. तिच्या डोळ्यांत जरा भीती होती आणि जरा हसू.

"ताईला नाही म्हणवलं नाही हो मला," ती म्हणाली. "इतक्या हौसेने बसली होती. आणि बघा ना, बसतोय मला. चांगला बसतोय."

खरंच बसत होता. मी पलंगावर टेकलो. म्हणजे मापं चुकलीच नव्हती. त्या संध्याकाळी टेप मी कशी धरली असेल कोण जाणे. बाई नव्हती, हात नव्हता, काही नव्हतं, सिगारेट सुटली आणि डोकं बिघडलं, एवढंच. मी हसायला लागलो. बायकोही हसली, आणि आरशात वळून पाठीवरच्या वेण्या बघायला लागली.

बाहेरचं दार वाजलं. कुणीतरी आत आलं. पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला आणि बायकोचा आवाज आला.

"अहो, आलात का तुम्ही?"

बायको माझ्यापुढे होती. तिचे ओठ मिटलेले होते. आपलाच आवाज ऐकून तिची मान हळूहळू दाराकडे वळली.

ताई पाठमोरी खोलीत आली. स्वयंपाकघरातून बाहेरचं दार समोरच दिसतं. हातात चहाचा कप होता. तिने मान खाली घालूनच दार लोटलं, चाचपून कडी लावली आणि कप जमिनीवर ठेवला. 

"कोण आहे ताई?" बायकोने विचारलं.

"हळू बोल," ताई म्हणाली. "तिकडे बघू नका कुणी."

बाहेर नळ सुटला. पेला भरला. नळ बंद झाला. मी कामावरून येतो तेव्हा रोज ऐकतो तेच आवाज, त्याच क्रमाने. मग काहीतरी दाराशी येऊन थांबलं. पावलं वाजली नाहीत. दाराच्या लाकडावरून कसलं तरी टोक सावकाश फिरत वरून खाली आलं आणि कडीच्या जागी थांबलं.

"अहो," बायकोचा आवाज म्हणाला. भाजी कुठली आणू, असं विचारावं इतक्या सहज. "झाला का तयार?"

मी काही सांगायच्या आधीच बायकोने बटणं काढायला सुरुवात केली. तिची बोटं घसरत होती. ताई पुढे झाली आणि दोघींनी मिळून तो काढला. बायकोने त्याची घडी घातली. इतक्या भीतीतही घडी, बाह्या आत दुमडून, नीट. मग तिने तो माझ्या हातात दिला.

मी नजर खाली लावली. कडी काढली, दार चार बोटं उघडलं आणि स्वेटर फटीतून बाहेर धरला. तो माझ्या हातातून अलगद गेला. हिसका नाही, ओढ नाही. धाग्याला नख लागू नये अशी काळजी घेऊन कुणीतरी तो घेतला. मी दार लावलं, कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.

बाहेर लोकर अंगावरून सरकल्याचा आवाज झाला. मग बटणं लागली, एकेक करून, खालपासून वर. शेवटचं लागलं तेव्हा बायकोने पलंगावर बसून डोळे मिटले. मलाही वाटलं, संपलं. ज्याचं होतं त्याला मिळालं.

ताई मात्र तशीच उभी होती. 

"भाऊजी," ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली. "गळ्याच्या पट्टीने खांदे वर ओढून आले, पण बाह्या फार लांब होत्या. मी मनगटाकडून कापल्या, टाके उचलले आणि परत काठ घातला. हिच्या मापाने."

बाहेर लोकर पुन्हा पुन्हा ओढली गेल्याचा आवाज झाला. मग दाराला अगदी लागून, रागाने नाही, तक्रारीनेही नाही, माझ्या बायकोचा आवाज आला.

"अहो, हात उघडे राहतात."

बायकोने दोन्ही हातांनी कान झाकले. ताई माझ्याकडे बघत होती. दारावर ते टोक पुन्हा फिरायला लागलं होतं, थांबत थांबत, फट शोधत. मी दुकानात इतकी वर्षं उभा राहिलोय, आणि नापसंत काम परत घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला जे सांगतो, तेच त्या वेळी माझ्या तोंडून निघालं.

"बसा जरा. करून देतो."

टोक थांबलं. बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.